ट्रेसरचा हात

बार्ज बांधणाऱ्या यार्डात माझी नेमणूक झाली ती ट्रेसर म्हणून, ड्राफ्ट्समन म्हणून नव्हे. बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही. ड्रॉइंग ऑफिसात मात्र तो पगारात आणि खुर्चीत दोन्हीकडे दिसायचा. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर ट्रेसिंग पेपर ताणायचा, चारी कोपरे टेपने चिकटवायचे आणि खालची रेघ शाईने वर उचलायची, हे ट्रेसरचं काम. स्वतःची अक्कल पाजळायची नाही. बोल्टचं भोक भलत्या जागी आहे असं वाटलं तर जाऊन सांगावं, पण ड्राफ्ट्समन खोडून देईपर्यंत जिथे आहे तिथेच गिरवावं. बाहेरची कड जाड निबने, आतलं काम मधल्या निबने, मापाच्या रेघा सगळ्यांत बारीक निबने. रॉट्रिंगचं पेन हलवलं की आतली तार खुळखुळायची. ती खुळखुळेनाशी झाली की समजायचं, शाई आत सुकली. रेघ घसरली तर ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने ती हलकेच खरवडायची आणि ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई तिथे फुटते. मग अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट काढायची. डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास अजून नाकात आहे.

मांडवी आणि झुआरीतून खनिज मुरगाव बंदरात नेणाऱ्या बार्जींचे नकाशे मी असे कित्येक वर्षं गिरवले. पुढे कॉम्प्युटर आला आणि ट्रेसर ही जातच संपली. मला ऑटोकॅडवर बसवलं. 2012 साली खाणी बंद पडल्या, बार्जी नदीत नांगर टाकून गंजू लागल्या, नव्या बार्जीचं नाव कोण काढणार? त्याच सुमारास मी घरी बसलो.

घरी बसलो तरी बोर्ड सोडला नाही. संध्याकाळी काहीतरी गिरवत बसायची खोड मला नोकरीच्या दिवसांपासूनच. गिरवायचो ती लहान मुलांच्या पुस्तकांतली जुनी चित्रं. वास्कोत मांगोर हिलला आमची दोन खोल्यांची जागा. खिडकीजवळ बोर्ड, बोर्डावर वाकलेला दिवा, शेजारी पुस्तक उघडं. नोकरीत मूळ कागद ट्रेसिंगच्या खाली असायचा, इथे तो बाजूला असतो. त्यामुळे हे डोळ्याने उचलायचं काम आहे आणि ट्रेसिंगपेक्षा कितीतरी अवघड आहे.

आम्ही मूळचे पेडण्याचे. माझ्या लहानपणी मामा सावंतवाडीहून येताना पिशवीतून ‘चांदोबा’ आणायचा. मद्रासचं ‘चंदामामा’ 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठीत ते 1952 पासून ‘चांदोबा’ झालं. चित्रं सगळीकडे तीच, भाषा तेवढी बदलायची. विक्रम-वेताळाचं चित्र शंकर यांचं. त्यांचं पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. 1952 साली ते चंदामामात आले आणि म्हातारपणापर्यंत तिथेच काढत राहिले. 2020 मध्ये वयाच्या 96व्या वर्षी गेले. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि स्मशानातून चालणारा राजा. मराठी घरात वाढलेल्या माझ्या पिढीला हे चित्र दाखवून ओळख विचारायची गरज नाही. मी ते पहिल्यांदा पाटीवर काढलं, मग वहीच्या मागच्या पानावर, आणि मग मामाने आणलेल्या रंगाच्या वड्या संपेपर्यंत काढत राहिलो.

त्या अंकांचा कागद खडबडीत असे आणि छपाईत रंग बरेचदा रेघेबाहेर सरकलेला असे. लाल धोतराचा लाल रंग कडेबाहेर केसभर सांडायचा आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच पांढरी फट राहायची. मी ती फटही काढायचो! मला वाटे, राजाच्या अंगावर चांदणं पडलं आहे. पुढे यार्डात प्रिंटिंगशी रोजचा संबंध आला तेव्हा कळलं की ते चांदणं छापखान्याचं. तेव्हापासून पुस्तकातलं कुठलंही चित्र समोर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यातलं चित्रकाराचं किती आणि छापणाऱ्याचं किती? ट्रेसरला हा प्रश्न पडतो, कारण तोही मधलाच माणूस.

या प्रश्नाचं सगळ्यांत झकास उत्तर मला जॉन टेनिएलने दिलं. ‘अ‍ॅलिस’ची चित्रं काढणारा इंग्रज. जन्म 1820. विसाव्या वर्षी बापाबरोबर तलवारबाजी खेळताना एका डोळ्याला इजा झाली आणि त्या डोळ्याची नजर गेली. पुढे आयुष्यभर एकाच डोळ्यावर काम केलं. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात ‘अ‍ॅलिस’ची एक चांगली छापलेली प्रत मला मिळाली. वास्कोहून बसने पणजी, दिवसभर तिथे बसून पेन्सिलीने टिपणं, संध्याकाळी परत, असे बरेच शनिवार गेले.

टेनिएलच्या चित्रात सावली म्हणजे रेघांची जाळी. एकीवर एक आडव्या-तिरप्या रेघा. पेनने अशी जाळी विणणं मला जड गेलं नाही, हातच त्यात मुरलेला. तरी माझं चित्र मूळ चित्रासारखं दिसेना. माझी जाळी मऊ पडे, त्याची कडक. भिंग लावून बघितलं तेव्हा कारण सापडलं. त्याच्या जाळीत दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाईचा ठिपका साचलेला नाही, आणि मधला पांढरा चौकोन सुरीने कापल्यासारखा धारदार आहे. तो खरोखरच कापलेला होता. टेनिएल आधी कागदावर काढी, मग ट्रेसिंग पेपरने ते चित्र उलटं करून बॉक्सवूडच्या ठोकळ्यावर उतरवी. म्हणजे हा मोठा चित्रकार आपल्याच बिरादरीतला निघाला, स्वतःचा ट्रेसर स्वतःच! पुढे डॅलझिएल बंधूंच्या कारखान्यातले कारागीर तो ठोकळा कोरत. शाई लागते ती लाकडाच्या उंच राहिलेल्या भागाला, म्हणून काळी रेघ काढायची तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खणायचं. जाळीतला प्रत्येक इवलासा पांढरा चौकोन कुणीतरी टोकदार हत्याराने वेगळा उकरलेला आहे. टेनिएलने चार झटक्यांत ओढलेल्या जाळीपायी खालच्या माणसाची दुपार गेली असणार.

हे कळल्यावर मी पद्धत बदलली. काळी रेघ ओढायची असं मनात न आणता पांढरं सोडायचं असं मनात आणलं. सावलीच्या जागी आधी शाई भरायची आणि सुकल्यावर ब्लेडने पांढरं बाहेर काढायचं. यार्डातलं खरवडणं इथे कामाला आलं. ट्रेसिंग पेपरवर हे मस्त जमतं, साध्या कागदावर तंतू उठतात. जाळी पहिल्यांदाच कडक आली.

टेनिएल छपाईबाबत फार काटेकोर. 1865 साली ‘अ‍ॅलिस’च्या पहिल्या 2000 प्रती छापल्या तेव्हा चित्रं नीट उठली नाहीत म्हणून त्याने तक्रार केली आणि ती आवृत्ती मागे घेऊन पुस्तक दुसरीकडे नव्याने छापावं लागलं. ठोकळ्यांवरून थेट छापत नसत. त्यांचे धातूचे साचे करून त्यांवरून छापत. म्हणून मूळ ठोकळे झिजले नाहीत. ‘अ‍ॅलिस’चे आणि पुढच्या भागाचे ठोकळे 1985 मध्ये लंडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत सापडले. मी ती बातमी वाचली तेव्हा आमच्या यार्डाच्या माळ्यावर वाळवी लागत पडलेल्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या डोळ्यांसमोर आल्या. त्या तिजोरीत कोण ठेवणार म्हणा.

‘अ‍ॅलिस’च्या चित्रांत बारकाईने पाहिलं तर जे आणि टी ही अक्षरं गुंफलेली टेनिएलची खूण दिसते आणि दुसरीकडे डॅलझिएल हे नाव. हे मला फार आवडलं. यार्डातल्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते: काढलं कोणी, ट्रेस कोणी केलं, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. प्रत्येक घरात आद्याक्षरं. मी माझ्या नकलांवर आता तशीच चौकट आखतो. काढलं: टेनिएल. कोरलं: डॅलझिएल. ट्रेस केलं: माझी दोन अक्षरं. तपासलं या घरात नात सही करते. तिचा डोळा फार कडक; एकदा तिने ‘मांजराचं हसू लहान झालं’ म्हणून सही नाकारली होती.

“स्वतःचं काही का काढत नाहीस?” हा प्रश्न मला येणारे-जाणारे सगळे विचारतात. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मला त्यात काही दम वाटत नाही. सावंतवाडीला गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफेचा डाव 120 पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा-बारा पानं. चितारी पिढ्यान्‌पिढ्या तोच मत्स्य आणि तोच कूर्म काढत आला. त्याला कुणी विचारत नाही की तुझा स्वतःचा अकरावा अवतार कुठे आहे. भजन गाणारा दुसऱ्याचेच अभंग गातो. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालतं, तिथे ‘स्वतःची चाल लावा’ असं म्हणून पाहा! चित्राच्याच बाबतीत आपण एवढे हट्टी का झालो कोण जाणे. शाळेच्या ड्रॉइंग परीक्षांनी असेल. तिथे स्मरणचित्राला वेगळे गुण, आणि बघून काढणारा म्हणजे कॉपी करणारा.

मात्र ट्रेसरच्या हाताचा एक तोटाही आहे, आणि तो ई. एच. शेपर्डने दाखवला. ‘विनी द पू’चा चित्रकार, पुस्तक 1926 सालचं. इथे लाल बनियनवाला तो कार्टूनचा पू आणू नका. शेपर्डचं अस्वल वेगळं, पेनाच्या थोड्या रेघांचं. लेखक मिल्नच्या मुलाचं खेळणं बाजूला ठेवून त्याने आपल्या मुलाचं ग्राउलर नावाचं टेडी बेअर समोर धरलं होतं. त्याच्या काळी लाकूड कोरणारा मधला माणूस गेला होता. फोटो काढून जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक होई, म्हणून पेनाचा प्रत्येक थरकाप जसाच्या तसा छापला जाई. शेपर्डची रेघ सुरू होते, मध्येच तुटते, जरा पुढे पुन्हा उगवते. गवत म्हणजे पाचसहा फटकारे. अस्वलाची पाठ पुरी काढलेलीच नाही, तरी ते अस्वल चालतंय. आणि माझा हात? एकदा टेकला की शेवटपर्यंत एकाच जाडीने जाणार. यार्डात यालाच चांगली रेघ म्हणत. रॉट्रिंगने शेपर्ड काढला की तो अस्वलाच्या आकाराचा बॉयलर दिसतो. शेवटी जुन्या टाकाचं निब आणलं, दाब दिला की फाकणारं, आणि रेघ हळू ओढायची सोडून मनगटाने झटकायला लागलो. अजून दहातलं एखादं गवत बरं येतं. शेपर्डची प्रत्येक रेघ कुठून कुठे गेली हे मी दाखवू शकतो, पण ती किती वेगाने गेली हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, ते करूनच बघावं लागतं.

रंगाची गोष्ट वेगळी, कारण रंगात वास्को मध्ये येतं. आमच्या गावच्या हवेत बंदरातल्या कोळशाची भुकटी असते, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी पुसलेला खिडकीचा कट्टा संध्याकाळी बोट फिरवलं तर काळा. ओल्या रंगावर ती बसली की सुकल्यावर निघत नाही. आर्थर रॅकहॅमला हे चालतं. त्याची ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’मधली चित्रं, 1906 सालची, आधी शाईची रेघ आणि तिच्यावर पातळ तपकिरी-पिवळट रंगाचे थरावर थर. तीन रंगांच्या छपाईत भडक रंग धड येत नसत, तेव्हा त्याने छापखान्याला झेपेल असाच मातकट सूर धरला, आणि लोकांना वाटतं ही त्याची स्वप्नाळू वृत्ती! त्या धुरकट आभाळात कोळशाचे चार कण खपून जातात. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या सशांचं तसं नाही. 1901 साली तिने ‘पीटर रॅबिट’ पदरच्या पैशाने 250 प्रती काढून छापलं, तेव्हा जवळजवळ सगळी चित्रं बिनरंगाची. पुढच्या वर्षी प्रकाशकाने रंगीत काढलं. निळा कोट घातलेला ससा आणि भोवती नुसता कोरा कागद. तो पांढरा कागद हा तिचा अर्धा रंग आहे. त्यावर एक काळा कण पडला की डोळा सशाकडे जायच्या आधी तिकडे जातो.

म्हणून माझं वेळापत्रक असं: उन्हाळ्यात रॅकहॅम, पावसाळ्यात पॉटरबाई. पावसात धूळ बसते, पण कागद दमट होतो, एक वॉश सुकायला संध्याकाळ जाते आणि कपाटातल्या कागदावर तांबूस बुरशीचे ठिपके येतात. आमच्या हिने कपड्यांच्या कपाटात पिवळा बल्ब लावून दिला आहे, खालच्या फळीवर माझे कागद. पापड आणि पॉटर एकाच फळीवर असतात.

मध्यंतरी पेडणे तालुक्यातल्या एका बालवाडीच्या बाईंनी भिंत रंगवायला बोलावलं. त्यांना पू हवा होता. मी नाही म्हटलं. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. शेपर्ड गेला 1976 मध्ये, म्हणजे अजून त्याचा काळ संपलेला नाही. घरात वहीत शिकण्यासाठी काढणं वेगळं, आणि बाहेरच्या भिंतीवर पैसे घेऊन काढणं वेगळं. शंकर यांचा वेताळही याच कारणाने बाद, शिवाय बाईंना मुलं घाबरतील ही धास्ती. टेनिएल 1914 मध्ये गेला, तो मोकळा. मग भिंतीवर ‘अ‍ॅलिस’मधला ससा आला: चौकडीचं जाकीट, काखेत छत्री, हातात घड्याळ.

पुस्तकातलं चित्र चार बोटांचं, भिंत पुरुषभर उंच. चौकोन पाडून आकार वाढवणं हे काही मोठं नाही, ते मी झोपेतही करीन. अडचण जाळीची. रेघा त्याच प्रमाणात वाढवल्या तर ब्रशने दोरखंड काढल्यासारख्या दिसतात. बारीक ठेवल्या तर हजारो लागतात आणि लांबून नुसता राखाडी ढग दिसतो. शेवटी मी जाळी विरळ केली, रेघा कमी केल्या आणि फक्त जाकिटाच्या चौकडीत आणि छत्रीच्या घड्यांत ठेवल्या. म्हणजे नक्कल करायला गेलो आणि निवड करावी लागली. ट्रेसरने असं करायचं नसतं, पण भिंतीचा ट्रेसिंग पेपर अजून निघालेला नाही.

मुलं मागे बसून बघत होती. घड्याळ रंगवताना एकाने विचारलं, “सशाक घड्याळ कित्याक?” मी उत्तर द्यायच्या आत दुसरी म्हणाली, “शाळेक उशीर जाता म्हण.” मग घड्याळात किती वाजले आहेत यावर त्यांचं भांडण लागलं. वेळ वाचता एकालाही येत नव्हती, पण ‘आठ’वर सगळ्यांचं एकमत झालं, कारण बालवाडी आठला भरते. माझ्या घड्याळात तर आकडे दिसतच नव्हते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाई, भांडू द्यात.

सध्या बोर्डावर जॉन लॉकवूड किपलिंग आहे. रडयार्डचा बाप, 1865 पासून दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला होता, रडयार्डचा जन्मही तिथलाच. मुलाच्या ‘जंगल बुक’साठी त्याने चित्रं काढली, ती पेनाची, ती मला जमतात. पण ‘किम’साठी, 1901 साली, म्हाताऱ्याने भलताच घाट घातला. पेन बाजूला ठेवून मातीत उथळ उठावाच्या पाट्या केल्या, त्यांचे फोटो काढले आणि ते पुस्तकात छापले. त्यांत रेघ नाहीच. एका बाजूने उजेड पडतो, दुसऱ्या बाजूला सावली पडते, तेवढ्यावर चेहरा उभा राहतो. शाईने ठिपके देऊन पाहिले, पेन्सिलीने घासून पाहिलं. फोटोची नक्कल होते, चित्राची होत नाही. वर सांगितलेला माझा प्रश्न इथे लावला तर उत्तर एकच निघतं: मधला माणूस कॅमेरा, त्याच्या मागे जायचं तर माती हातात घ्यावी लागणार.

पेडण्याला पुतण्याची गणपतीची चित्रशाळा आहे. त्याला फोन करून पुस्तकातल्या एका चित्राचा फोटो पाठवला आणि विचारलं, एवढ्या उथळ उठावाला चिकणमाती कशी मळायची, तडे जाणार नाहीत ना. तो म्हणाला, “काका, जाडी अर्ध्या इंचाखाली नेऊ नका आणि सावलीत सुकवा. पण आता येऊ नका, हाताखाली पन्नास मूर्ती आहेत. चवथ सरली की या, नि येताना तो तुमचा वाकडा दिवा घेऊन या, उजेड कुठून पाडायचा ते आधी ठरवूया.”